दगडाला पत्ता असतो : गावोगावच्या जीर्णोद्धार समित्यांना खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि सर्व सभासद,
मंदिर जीर्णोद्धार समिती,
मु. पो. पडकं ‘हेमाडपंती’ देऊळ असलेलं कुठलंही गाव

रामराम मंडळी,

पारावर तुमची बैठक झाली असेल. वर्गणीची पावतीपुस्तकं छापून आली असतील, पुण्या-मुंबईला नोकरीला असलेल्यांना फोन गेले असतील आणि ठेकेदाराने मोबाइलवर एक रंगीत चित्र पाठवलं असेल. त्या चित्रात गुलाबी दगडाचं उंच शिखर असतं, सोनेरी कळस असतो, स्टीलचं रेलिंग असतं, पुढे हिरवळ आणि तिच्या मधोमध कारंजं असतं. (गावात टँकर मार्चपासून चालू होतो, ते सोडा.) नसतं ते एकच, आज उभं असलेलं जुनं देऊळ.

मी बत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात आरेखक होतो. धरणांचे आडवे-उभे छेद काढण्यात नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर टेप, ओळंबा आणि चौकटीची वही घेऊन पडकी देवळं मोजत फिरतो. भक्ती कमी आणि मोजण्याची खोड जास्त, हे आधीच कबूल करतो. पण चपला बाहेर काढूनच मोजतो.

पत्र लिहायला कारण आमचंच गाव झालं. गावाचं नाव घालत नाही, कारण नाव घातलं की चर्चा माणसांवर जाते. आमच्या महादेवाच्या देवळामागे, ओढ्याच्या बाजूला, घाणेरीच्या झुडपात घडीव दगडांचा ढीग होता. एका उन्हाळ्यात मी त्यातले अकरा दगड साफ करून मोजले. उरलेले दिवाळीनंतर मोजू म्हणून ठेवले. दिवाळीला गेलो तर जागा झाडून-सारवून लख्ख, दगड एकही नाही. समितीने चार ट्रॉल्या भरून ओढ्यावरच्या रस्त्याच्या भरावात टाकले होते. ट्रॅक्टरवाल्याने डिझेलचे पैसेसुद्धा घेतले नव्हते; देवाचं काम म्हणून. अध्यक्ष मोठ्या अभिमानाने म्हणाले, “नाना, बघा, सगळा राडारोडा काढला.”

त्यांच्या मनात पाप नव्हतं. राग यायचा तर मला माझाच यायला हवा, कारण तो राडारोडा नव्हता हे गावात मला एकट्याला ठाऊक होतं आणि मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. आज तेच सांगायला बसलो आहे.

माझी पहिली विनंती अशी की एखाद्या रविवारी समितीसकट सिन्नरला जा. एका जीपचं डिझेल लागेल. तिथे गोंदेश्वराचं देऊळ आहे, यादवांच्या काळातलं, आणि आपल्याकडच्या भूमिज पद्धतीच्या (मोठं शिखर छोट्या शिखरांच्या थरांनी घडवायची ही एक पद्धत) देवळांतलं सगळ्यांत धड राहिलेलं म्हणावं असं. मोठ्या चौथऱ्यावर, म्हणजे जगतीवर, मधोमध महादेव आणि चार कोपऱ्यांत विष्णू, गणपती, पार्वती आणि सूर्य यांची छोटी देवळं, समोर नंदीचा मंडप. याला पंचायतन म्हणतात. दर्शन घ्या, नारळ फोडायचा तर बाहेर फोडा, आणि मग मागच्या बाजूला जाऊन निवांत अर्धा तास शिखराकडे बघत बसा. फोटो नंतर काढा.

शिखराच्या चारही बाजूंना मधोमध एकेक उभा पट्टा पायथ्यापासून माथ्यापर्यंत सलग चढत गेलेला दिसेल. त्यावर जाळीसारखं बारीक कोरीव काम असतं. या पट्ट्याला लता म्हणतात. नाव किती नेमकं आहे बघा, वेलीसारखीच ती शिखराला धरून वर जाते. दोन लतांच्या मधल्या जागेत छोट्या-छोट्या शिखरांच्या ओळी रचलेल्या दिसतील, मक्याच्या कणसावर दाणे असावेत तशा. एकेका दाण्याला कूट म्हणतात. खाली एक बुटका खांब आणि त्यावर इवलंसं शिखर. हे कूट आडव्या थरांत बसवलेले असतात. जसजसं वर जाल तसतसा प्रत्येक थरातला कूट आधीच्या थरापेक्षा लहान होत जातो. ज्या बेताने लता आत वळते, त्याच बेताने कूट आटतात.

आता गंमत अशी की एकाच थरातले सगळे कूट एका मापाचे असतात. मग झुडपात पडलेल्या एखाद्या कुटाची रुंदी मोजली, तर तो खालून कितव्या थरातला आहे हे सांगता येतं. तो डावीकडच्या रांगेतला की उजवीकडच्या, हे त्याच्या बाजूला घासून सपाट केलेली कड सांगते, आणि मागचा भाग किती खोल भिंतीत शिरत होता हे त्याची न घडवलेली पाठ सांगते. म्हणजे त्या दगडाला पत्ता असतो. घर पडलं तरी पत्ता त्याच्या अंगावर राहतो. मी मोजलेल्या अकरा दगडांत चार वेगवेगळी मापं निघाली होती. म्हणजे चार थर माझ्या हाताशी होते. पायथ्याची रुंदी उभ्या देवळावर होतीच. माथ्यावरचा आमलक, आवळ्यासारखा पाकळ्या-पाकळ्यांचा तो गोल दगड, ओढ्यात पालथा पडला होता; पोरं त्याला भीमाचं जातं म्हणायची. पायथा, माथा आणि मधले चार थर. एवढ्यावर शिखराची सबंध वक्ररेषा कागदावर काढता आली असती. आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या सूत्रधाराने, म्हणजे देवळाच्या मुख्य कारागिराने, सुताच्या दोरीने काढलेली रेषा मी बॉलपेनने गिरवणार होतो. भरावाखाली गेली ती ही रेषा. दगड तर गावच्या डोंगरात पुष्कळ आहेत.

हे माझ्या मनचे मांडे नाहीत, हे पटायला अंबरनाथला जा. लोकल ट्रेनने जाता येतं. वालधुनीच्या काठचं ते शिवालय उत्तर कोकणच्या शिलाहारांचं. उत्तरेकडच्या दाराच्या तुळईवरच्या लेखात शक 982 आहे, म्हणजे 1060 साल, राजा मम्वाणी. गाभाऱ्यात जायला मंडपातून वीसेक पायऱ्या खाली उतरावं लागतं आणि उतरून वर बघितलं तर आभाळ दिसतं. शिखर मंडपाच्या उंचीच्या थोडंसं वर जाऊन थांबलं आहे. बहुधा ते कधी पुरंच झालं नाही. पण जेवढं आहे तेवढ्यात लतांची सुरुवात आहे आणि कुटांच्या रांगांचीही. अभ्यासकांना एवढ्यावरून सांगता आलं की हे भूमिज शिखर आहे आणि पुरं झालं असतं तर कसं दिसलं असतं. माळव्यात विदिशेजवळच्या उदयपूरला परमार राजा उदयादित्याचं देऊळ 1059 मध्ये सुरू झालं, ते याच जातीचं, आणि ते शेंड्यापर्यंत उभं आहे. त्याच्या बाजूला अंबरनाथ ठेवून बघा. एका वर्षाच्या अंतराने, दोन राजवटींत, शेकडो कोस दूर, एकाच व्याकरणाची दोन वाक्यं. एक पूर्ण, दुसरं अर्धं. व्याकरण येत असलं की अर्धं वाक्यही कळतं. ते व्याकरण लिहूनही ठेवलेलं आहे. भोजराजाच्या ‘समरांगणसूत्रधार’ ग्रंथात भूमिज प्रासादांचं प्रकरण आहे.

भोजाचा विषय निघालाच आहे तर भोपाळजवळचं भोजपूर सांगून टाकतो, कारण आरेखक म्हणून तिथे मला भरून आलं होतं. देऊळ अर्धवट राहिलं, म्हणून कामाच्या खुणा पुसायच्या राहून गेल्या. आजूबाजूच्या खडकावर खांबांचे, शिखराचे, थरांचे नकाशे कोरलेले आहेत. दगड वर चढवायला केलेला मातीचा उताराचा बांध अजून देवळामागे आहे. दगडांवर पाथरवटांच्या खुणा आहेत. काम पूर्ण होतं तेव्हा हे सगळं साफ होतं. अर्धवट राहतं तेव्हा कारागीर बोलत राहतो. पडक्या देवळाचंही तसंच. धड देवळाची भिंत आतून कशी आहे ते कधी दिसत नाही. पडलेल्या देवळात दोन दगडांमधली खाच दिसते, खाचेत बसणारं कुसू दिसतं, बाहेरचा घडीव थर आणि आतला थर यांच्यामधली कच्च्या दगडांची भर दिसते. म्हणून पडझडीकडे नुसतं वाईट वाटून बघू नका. ते कापून दाखवलेलं देऊळ आहे. नोकरीत आम्ही यालाच छेद म्हणायचो.

‘हेमाडपंती’ या शब्दाबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय हात पुढे सरकत नाही. हेमाद्री पंडित हा यादव राजे महादेव आणि रामचंद्र यांचा मंत्री. काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. अंबरनाथ त्याच्या दोनशे वर्षं आधीचं. तरी चुन्याशिवाय रचलेलं काळ्या दगडाचं जे काही दिसेल, देऊळ, बारव, वाड्याचा पाया, ते आपण हेमाडपंती म्हणतो. म्हणा, हरकत नाही, जिभेला बसलेला शब्द आहे. पण फलकावर ‘हेमाडपंती मंदिर, पांडवकालीन’ असं एका दमात लिहू नका. दोघांपैकी एकाला तरी वगळा.

आता तुमच्या मुख्य दुखण्याकडे येतो. देऊळ गळतं. सप्ताहात वीणेकऱ्याच्या डोक्यावर पाणी ठिबकतं, पारायणाला बसलेल्या बायाबापड्यांची पोथी भिजते. हा प्रश्न खरा आहे आणि पुरातत्त्वाच्या नावाने नाक मुरडणाऱ्या लोकांनी तो कधी विचारात घेतलेला नाही, हे मी त्यांना तोंडावर सांगत आलो आहे. ठेकेदार म्हणतो, वरचा जुना भार उतरवू, स्लॅब टाकू, सांधे सिमेंटने भरू, वर्षभरात गळती बंद. ऐकायला सरळ वाटतं. मंडपात उताणे पडा आणि छताकडे बघा, म्हणजे त्यातली मेख कळेल.

चार खांबांवर चार तुळया, त्यांचा चौकोन. चौकोनाच्या चारही कोपऱ्यांवर तिरके दगड ठेवलेले, म्हणजे आत एक लहान, वळलेला चौकोन तयार झाला. त्याच्या कोपऱ्यांवर पुन्हा तिरके दगड, आणखी लहान चौकोन. शेवटी मधलं भोक एका कमळ कोरलेल्या शिळेने झाकलं. कमान नाही, चुना नाही, खिळा नाही. त्या तिरक्या दगडाची आतली कड हवेत आहे आणि टोकं तुळयांवर. तो जागचा का हलत नाही? कारण टोकांवर वरच्या दगडांचं वजन बसलेलं आहे. छपरावरचा जो ‘जुना भार’ ठेकेदार उतरवायला निघाला आहे, त्याच भाराने छत धरून ठेवलं आहे. तो काढलात की तिरके दगड जागचे सरकू लागतील. आज नाही तर दुसऱ्या पावसाळ्यात. आणि न काढता वर स्लॅब ओतलात तर जे वजन कडेला हवं ते मधोमध येतं. धोतराचा काचा सोडून वरून कोट चढवण्यातला प्रकार.

सिमेंटचं म्हणाल तर दगडी धरणाच्या पोटातही आम्ही निचऱ्याच्या वाटा ठेवायचो. हजारो माणसं राबून बांधलेल्या भिंतीतूनही पाणी थोडं येणारच, ते अडवायचं नसतं, वाट करून द्यायची असते. कोरड्या रचाईच्या देवळात ती वाट म्हणजे सांधा. वरून शिरलेलं पाणी सांध्यातून बाहेर पडतं आणि वाऱ्याने सुकतं. सांधे सिमेंटने बुजवले की पाणी शिरतं तिथूनच शिरतं, बाहेर मात्र पडत नाही. मग ते आत, गाभाऱ्याच्या भिंतीवर, पांढरा खार होऊन फुटतं. वर ऑइलपेंट असला तर त्याखाली फुगतं, आणि रंगाचा पापुद्रा निघतो तेव्हा नक्षीची कड घेऊनच निघतो. लोखंडी पट्ट्या मारल्या तर त्या गंजतात. गंजलेलं लोखंड फुगतं आणि बसाल्टलासुद्धा फोडतं.

मग काय करायचं? छपरावर चढा, म्हणजे कोवळी, हलकी पोरं चढवा. पिंपळ-वडाची बोटभर रोपं दरवर्षी पावसाळ्यानंतर हाताने काढा. मोठं झालेलं मूळ मात्र ओढू नका; ते दगडांना मिठी मारून असतं, ओढलंत तर दगडच घेऊन येतं. कापा आणि जागेवर मरू द्या. छपरावरचा जुना चुन्याचा कोबा फुटला असेल तर चुन्याचाच करा, चुन्याच्या घाणीत मळलेला चुना जाणणारा माणूस शोधून. पन्हाळी मोकळ्या करा. देवळाच्या पायाभोवती साचलेली माती काढून पाणी लांब न्या. खर्च ठेकेदाराच्या अंदाजपत्रकाच्या मानाने किरकोळ येईल. हीच अडचण आहे म्हणा. किरकोळ कामाचं उद्घाटन होत नाही.

आणि सप्ताहाला जागा हवी असेल तर वेगळा सभामंडप बांधा, देवळाला न चिकटवता, दहा-पंधरा पावलं सोडून, पत्र्याचा असला तरी चालेल. कीर्तनाला काय, पत्र्याखालीही रंग चढतो.

देवळं का पडली याचंही एक ठरीव उत्तर गावोगाव मिळतं. पाडली. काही ठिकाणी ते खरं आहे आणि इतिहासात नोंदलेलं आहे. पण प्रत्येक ढिगाऱ्याला तेच उत्तर देण्याआधी ढिगारा नीट बघावा. हातोड्याने फोडलेलं नाक, तुटलेला हात, हे माणसाच्या हाताच्या टप्प्यातल्या मूर्तींवर दिसतं आणि घाव ओळखू येतो. शिखर एका बाजूला ओघळलं असेल, दगड धड असतील आणि कडेला मुळांच्या खुणा असतील, तर ते काम झाडाचं. शिखर पाडायला शंभर माणसं लागतात. पिंपळाला एक कावळा पुरतो. भिंतीला तिरपी चीर असेल तर पाया खचलेला असतो, नदीकाठी तर हमखास. लातूर-धाराशिवकडच्या मंडळींना 30 सप्टेंबर 1993 ची भूकंपाची पहाट वेगळी सांगायला नको. आणि बरेच दगड तर आपणच नेले. विहिरीला, घाटाला, गढीला, वाड्याच्या जोत्याला. त्याबद्दल शेवटी बोलतो.

तुमच्यातला कुणीतरी जाणता उठून म्हणेल, “मग आपल्या पूर्वजांनी जीर्णोद्धार केलेच की!” केले. औंढ्या नागनाथाला खाली यादवकाळातला नक्षीचा दगड आहे आणि वर नंतरच्या काळात चढवलेलं पांढरं शिखर. मला ते आवडतं. कारण ज्याने वरचं बांधलं त्याने खालच्याला हात लावला नाही आणि वरचं जुनं असल्याचा आवही आणला नाही. सांधा उघड आहे. शेंबडं पोरसुद्धा बोट दाखवून सांगेल, इथपर्यंत जुनं, इथून पुढे नवं. आजच्या चित्रातल्या गुलाबी शिखराला ते जमत नाही. त्याला खालच्या काळ्या दगडाची लाज वाटते, मग तो रंगवतात, नाहीतर चकचकीत फरशीने मढवतात.

खिद्रापूरचं उदाहरण माझ्या मनात नेहमी येतं. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाला 48 खांब आहेत आणि छताच्या मध्यावर तेराएक फुटांचं गोल मोकळं आभाळ. खाली तेवढ्याच मापाची गोल शिळा. ते मुद्दाम मोकळं ठेवलं की छत राहून गेलं, यावर जाणकारांचं एकमत नाही. मला स्वतःला ते मुद्दामच वाटतं. खालची शिळा इतकी नेमकी त्या आभाळाखाली आहे. पण माझं मत राहू द्या. तिथे शक 1136 चा यादव राजा सिंघणाचा लेख आहे, देवळासाठी गाव दान दिल्याचा. म्हणजे देवळाकडे पैसा येत होता, तरी त्या गोलावर कुणी काही झाकलं नाही. कृष्णेचे पूर आले आणि गेले. हेच देऊळ एखाद्या लहान गावात, कुठल्याच यादीत नसताना असतं, तर त्या गोलावर आजवर फायबरचा घुमट बसला असता. आत पंखा.

यादीचं बोललोच. केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या यादीत महाराष्ट्रातली पावणेतीनशेहून थोडी अधिक स्मारकं आहेत. तिथे 1958 चा कायदा लागू आहे. 2010 च्या दुरुस्तीनंतर शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम नाही आणि त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगीशिवाय नाही. राज्याची यादी वेगळी, कायदा 1960 चा. पण गावोगावची बहुतेक पडकी देवळं यातल्या कुठल्याही यादीत नाहीत. त्यांना ना फलक, ना चौकीदार, ना साहेब. त्यांच्या बाबतीत शेवटचा शब्द पारावर बसलेल्या सात-आठ जणांचा आहे. म्हणूनच हे पत्र दिल्लीला किंवा मुंबईला न लिहिता तुम्हाला लिहिलं. तुमच्या इतका अधिकार खात्याच्या महासंचालकालाही नाही. त्याला फाइल लागते, तुम्हाला ट्रॉली पुरते.

पडलेल्या दगडांचं करायचं तरी काय, हे विचाराल. मध्य प्रदेशात मुरैना जिल्ह्यात बटेश्वर म्हणून जागा आहे. प्रतिहारकाळातली दोनशेच्या आसपास लहान देवळं, सगळी कोसळून दगडांचा नुसता समुद्र झालेला. पुरातत्त्व खात्याचे के. के. मुहम्मद यांनी 2005 पासून तिथे काम सुरू केलं. एकेक दगड ओळखायचा, त्याचा जोडीदार शोधायचा आणि जागेवर बसवायचा. ऐंशीच्या आसपास देवळं त्यांनी अशी पुन्हा उभी केली. नवा दगड घडवून नाही, पडलेलाच उचलून. ते जमलं, कारण ते दगड कुणी भरावात टाकले नव्हते. डाकूंचा मुलूख होता, लोक फिरकत नव्हते, एवढाच तो उपकार!

उलट बाजू कंबोडियातली. अंगकोरला बाफुओन नावाचं शिवाचं प्रचंड मंदिर आहे, आपल्या अंबरनाथच्याच सुमाराचं, अकराव्या शतकाच्या मध्याचं. ते खचत होतं म्हणून फ्रेंच तज्ज्ञांनी 1960 नंतर ते उतरवायला घेतलं. तीन लाखांच्या आसपास दगड. प्रत्येकाची नोंद, प्रत्येकाला क्रमांक, आणि सगळे आजूबाजूच्या जंगलात ओळीने मांडून ठेवलेले. मग तिथे युद्ध पेटलं, काम थांबलं, आणि ख्मेर रूजच्या राजवटीत नोंदींचे कागद नष्ट झाले. दगड राहिले, पत्ते गेले. 1995 मध्ये काम पुन्हा सुरू झालं तेव्हा जंगलात तीन लाख दगड आणि ते कुठले हे सांगणारं कुणी नाही. कोरड्या रचाईत एक दगड दुसऱ्याच्या जागी बसत नाही, म्हणून जुने फोटो आणि दगडाच्या अंगावरच्या खाचा वाचत-वाचत त्यांनी ते 2011 पर्यंत जुळवलं. सोळा वर्षं. ते फ्रेंच सरकारचं बळ होतं. आपल्या गावच्या दगडांची वही हरवली तर आपल्यासाठी कुणी सोळा वर्षं काढणार नाही, आणि आपल्याकडे तर वहीच नाही.

म्हणून वही घाला. शंभर पानी शाळेची चालेल. नववी-दहावीची चार पोरं धरा. मोबाइलवर फोटो काढण्यात ती आपल्या बापाची बाप आहेत. दगड जिथे पडला आहे तिथेच, न हलवता, चारही बाजूंनी फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून. मग कच्चा नकाशा काढायचा आणि दगडाला क्रमांक द्यायचा, खडूने. ऑइलपेंटने नको! आमच्या खात्याने एका जुन्या बांधावर लाल रंगात घातलेले क्रमांक अजून माझ्या स्वप्नात येतात. कुठे अक्षरं दिसली तर त्यावर पीठ, कुंकू, खडू काही चोळू नका. रात्री बॅटरी आडवी धरली की अक्षरं सावलीने वर येतात, तेव्हा फोटो काढा. अंबरनाथच्या तुळईवर वेळेत कुणी रंग मारला असता तर 1060 हे साल आपल्याला कळलंच नसतं. गाढवाचं चित्र कोरलेला दगड सापडला तर लाजून पालथा घालू नका, ती गद्धेगाळ असते, दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी. ती जिथे उभी आहे तिथे कधीतरी दान दिलेली जमीन होती. बरेचदा शिवी आहे म्हणूनच दानाचा लेखही टिकला आहे. वही पुरी झाली की एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवा आणि एक शाळेत. जुळवायचं काम पन्नास वर्षांनी होईना का. दगडाला घाई नसते.

आता वाड्याच्या जोत्याचं. आमच्या गावची समितीही हे पत्र वाचणार, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. आमच्या घराच्या ओट्याची पहिली पायरी देवळातली आहे. लहानपणापासून तिच्यावर बसून आम्ही शेंगा फोडल्या. आजी तिच्यावर पाय घासायची आणि म्हणायची, हा दगड तुझ्या खापरपणजोबांनी बैलगाडीतून आणला. कुठून, ते तिने कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मागच्या वैशाखात ती पायरी उकरून उलटी केली. खालच्या अंगाला कुंभाचा थर निघाला, घड्याच्या पोटासारखा गोलसर, आणि उजव्या टोकाला काटकोनात वळलेला. म्हणजे कोपऱ्याचा दगड. लांबी 74 सेंटिमीटर, उंची 31, पाठीमागे दोन बोटं खोल खाच. देवळाच्या दक्षिण अंगाला, पायथ्यापासून तिसऱ्या थरात, बरोबर कोपऱ्यावर 31 सेंटिमीटर उंचीची एक मोकळी जागा आहे. तिथे सध्या विटा आणि सिमेंट भरलेलं आहे.

भरलेल्या विटा काढायची परवानगी समितीने ठराव करून द्यावी. पायरी मी घरासमोर काढून ठेवली आहे, वर पोतं टाकलं आहे. चार माणसं आणि एक ट्रॉली लागेल. डिझेलचे पैसे या खेपेला मी देईन.

आपला,
एक निवृत्त आरेखक